रेवणप्पा बोरोटी रस्ता

नगर अभियंत्यांनी अर्धं पान मागितलंय,
'थोडक्यात कारकीर्द', पाटीच्या ठरावाला जोडायला.
तेवीस वर्षं मी अभिलेख कक्षात आहे,
अर्ध्या पानात माणूस बसवणं मला जमतं.
हा बसत नाही.

सुरुवात सोपी आहे.
सोलापूरच्या पूर्वेला शीव, पलीकडे निजामाचा मुलूख.
तिकडं हाली रुपया, इकडं कलदार,
आणि मधल्या लिंबाखाली घोंगडं टाकून
सोळा वर्षांचा रेवणप्पा,
बट्टा घेऊन नाणी बदलून देणारा.
रुपया दगडावर आपटायचा, कान लावायचा,
खोटा निघाला तर म्हणायचा, ह्यो रडतोय की ओ.

गाडीवानांशी कानडी, विणकरांशी तेलुगू,
पलीकडच्या नाकेदाराशी अदबीचं उर्दू,
कचेरीत मराठी, तीही जरा वाकून.
शिव्यांना मात्र त्यानं कुठलीच शीव मानली नाही.

मग आगगाडी आली, लिंबाखालची गर्दी पातळ झाली.
तो मालधक्क्यावर सरकला. कापसाच्या गाठी, हमालांचा मुकादम,
आणि एक दिवस कलेक्टरनं नेमलेला सभासद.
वहीत त्याचं पहिलं वाक्य:
'रा. बोरोटी यांनी विचारिले, कंदील पेठेतच का,
पेठेबाहेर अंधार कमी असतो काय?'
पुढच्या ओळीत, 'चर्चा तहकूब'.

पाणीपट्टीला त्याचा विरोध. वर्षानं त्याचंच अनुमोदन.
मधल्या वर्षात नळाचे चर खणायचा ठेका
त्याच्या बहिणीच्या मुलाला गेला.
हे सभेच्या वहीत नाही, जमाखर्चात आहे,
आणि दोन्ही वह्या एका कपाटात ठेवू नयेत
असा तेव्हापासूनच नियम असावा.

पहिल्या निवडणुकीत नऊ मतांनी आला,
दुसऱ्या खेपेस तीन मतांनी पडला.
ते तिघे कोण, त्याला नावानिशी ठाऊक.
दुसऱ्या दिवशी तिघांकडेही गेला,
सुपारी खाल्ली, पोरांची चौकशी केली,
पडलेल्या मतांविषयी चकार शब्द नाही.
तिघेही म्हणे महिनाभर नीट झोपले नाहीत.

दुष्काळाचं साल मी मुद्दाम मागं ठेवलंय.
त्या साली सात सभा झाल्या.
सातही ठिकाणी, 'रा. बोरोटी गैरहजर'.

साखर पेठेतले नरसय्या चिप्पा सांगतात,
पणजोबांनी डोळ्यांनी पाहिलं,
लिंबाखाली कंदील धरून एकटा उभा होता,
जोंधळ्याची एक गाडी शिवेपार जाऊ दिली नाही.
शिवेपलीकडच्या गावात नाकेदाराचे वंशज सांगतात,
उभा होता, खरंय.
गाडीमागं पाच रुपये घेत होता, हाली.

आणि माझ्याकडे एक चिठ्ठी आहे,
जकातीच्या बस्त्यात, वाळवीनं कडा खाल्लेली.
अक्षर कानडी, सही त्याची.
गाड्या एक्केचाळीस. परत तेवीस.

उरलेल्या अठरांचं काही लिहिलेलं नाही.
तेवीस गाड्यांत किती घरं जगतात
हे मी एकदा कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं,
मग अठरांचं करायला घेतलं
आणि चहा आला.

म्हातारपणी हद्दीच्या तंट्यात त्याला पंच नेमलं.
मोजणीदारानं साखळी पसरून विचारलं,
नक्की शीव कुठाय, आजोबा?
म्हणाला, जितं रुपयाचा आवाज बदलतो, तितं.
मोजणीदारानं लिंबाला चुन्याचा पट्टा मारला.
लिंब आता नाही. तिथं ट्रकांचे टायर रिमोल्ड करतात.

अर्धं पान लिहून दिलं:
जन्म अंदाजे, मृत्यू अंदाजे,
सभासद दोन वेळा, पंच एकदा,
'दुष्काळात उल्लेखनीय कार्य'.
साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं,
म्हणाले, छान झालंय,
फक्त ते कुठल्या बाजूचे होते, ते राहिलं.

बघतो, म्हणालो.
चिठ्ठी परत बस्त्यात ठेवली,
डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या,
गाठ मात्र सैलच बांधली.